घरच्या घरी गांडूळ खत : आदिलाबादच्या उन्हाळ्यात पेटी जगवायची कशी?

आदिलाबाद : दिवाळीच्या आसपास हौसेनं गांडूळ खताची पेटी सुरू होते. हिवाळाभर ती छान चालते. भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा टाकला की आठ-दहा दिवसांत ओळखू येत नाही. मग एप्रिल उजाडतो. पारा बेचाळीसच्या पुढे सरकतो आणि एके दिवशी झाकण उघडलं की कुबट वास येतो. गांडूळ मात्र एकही दिसत नाही. "आपल्याकडे हे जमत नाही" म्हणत पेटी अडगळीत जाते आणि भाजीचा कचरा पुन्हा कॅरीबॅगमध्ये बांधून घंटागाडीत.

आदिलाबाद, जैनद, बेला, तलमडगू या भागांत आणि राज्याच्या सीमेपलीकडे किनवट, पांढरकवडा, वणी, राजुरा पट्ट्यातही हाच अनुभव येतो. तसं नवल नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सरकारं दोन झाली तरी काळी माती तीच, पऱ्हाटी तीच आणि मे महिन्यातलं ऊनही तेच. या उन्हात गांडुळं जगतात, पण पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकात लिहिलेल्या पद्धतीत थोडा बदल करावा लागतो. तो बदल कोणता, आणि मुळात हा खटाटोप करावा का, हे क्रमाने पाहू.

कचऱ्यातला निम्मा भाग ओला

लहान शहरांत माणशी रोज साधारण दोनशे ते तीनशे ग्रॅम कचरा निघतो आणि त्यातला निम्म्याच्या आसपास ओला, म्हणजे कुजणारा असतो. पाच माणसांच्या घरात हा ओला कचरा रोज अर्धा-पाऊण किलो भरतो. वर्षाचे झाले दोनशे किलो.

हा कचरा प्लास्टिकबरोबर एकत्र गेला की दोन्हींची माती होते. प्लास्टिक भंगारवाल्याच्या कामाचं राहत नाही आणि ओला कचरा खताच्या कामाचा राहत नाही. कचरा डेपोच्या ढिगात हवा पोहोचत नाही, म्हणून तो कुजताना मिथेन वायू सुटतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो आणि ढिगाला आग लागली की ती धुमसत राहायलाही कारण होतो. पावसाळ्यात त्याच ढिगातून काळं पाणी झिरपत जवळच्या नाल्या-विहिरीकडे जातं. कॅरीबॅगमधलं उष्टं खाण्यासाठी जनावरं पिशवीसकट गिळतात, ते तर रोज डोळ्यांसमोर आहे.

केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा देणं ही घरमालकाची जबाबदारी ठरवली. तेलंगणात २०१९ पासून 'पल्ले प्रगती' कार्यक्रमात ग्रामपंचायतींना ट्रॅक्टर आणि कचरा वेगळा करण्याच्या शेड मिळाल्या. सोय झाली, पण शेडमध्ये येणारा कचरा घरातूनच वेगळा निघाला नाही तर तिथं काम करणाऱ्या माणसाच्या हाती चिखलच येतो.

मुखरा (के) गावानं काय केलं

हे काम याच जिल्ह्यात झालेलं आहे. इच्छोडा मंडळातलं मुखरा (के) हे गाव त्यासाठी राज्यभर ओळखलं गेलं. घरोघरचा कचरा गोळा करायचा, ओला-सुका वेगळा करायचा, ओल्याचं शेडमध्ये गांडूळ खत करायचं आणि ते विकायचं, असा क्रम ग्रामपंचायतीनं लावला. २०१९ मध्ये निवडून आलेल्या सरपंच गाडगे मीनाक्षी यांच्या काळात या खताच्या विक्रीतून पंचायतीला लाखांच्या घरात उत्पन्न मिळालं.

या उदाहरणातून घरच्या पेटीवाल्यानं घेण्यासारखी गोष्ट पैशाची नाही, क्रमाची आहे. आधी वेगळं करणं, मग अर्धवट कुजवणं, आणि शेवटी गांडुळांच्या स्वाधीन करणं. बहुतेक पेट्या फसतात त्या मधली पायरी गाळल्यामुळे.

गांडूळ नेमकं काय करतं

गांडुळाला मराठवाड्यात काही ठिकाणी गांडवळ म्हणतात, तेलुगूत 'वानपामु', म्हणजे पावसातला साप. त्याला दात नसतात, तो चावत नाही. ताजी भाजीची देठं त्याला खाताच येत नाहीत. आधी जिवाणू आणि बुरशी त्या देठांना मऊ करतात आणि हा मऊ झालेला, जिवाणूंनी भरलेला लगदा गांडूळ गिळतं. पोटातल्या पेषणीत बारीक वाळूच्या कणांबरोबर तो दळला जातो आणि मागून बारीक, काळसर, चहाच्या भुकटीसारखी विष्ठा बाहेर पडते. तेच गांडूळ खत.

गांडूळ कातडीनं श्वास घेतं. कातडी ओली असेपर्यंतच श्वास चालतो. म्हणून कोरडेपणात ते मरतं आणि पाणी साचलं की हवा न मिळाल्यामुळे बाहेर पळतं. पहिल्या पावसात रस्त्यावर गांडुळं दिसतात त्यालाही ओलीचाच संबंध आहे. उजेड त्याला सोसत नाही. एका गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात, हा शाळेपासून ऐकलेला समज मात्र खोटा आहे. फार तर डोक्याकडचा तुकडा जगू शकतो.

प्रत्येक गांडूळ नर आणि मादी दोन्ही असतं, तरी अंडी घालायला जोडी लागते. लिंबाच्या बीपेक्षा लहान, पिवळसर कोष दिसले तर ते फेकू नका, त्यातून तीन-चार आठवड्यांत पिल्लं निघतात. पेटी ठीक चालली असल्याची हीच खूण.

कोणतं गांडूळ घ्यावं

शेतातून खणून आणलेली गांडुळं पेटीत टिकत नाहीत. ती मातीत बीळ करून खोल राहणारी, माती खाणारी असतात. पेटीला लागतात ती पालापाचोळ्याच्या थरात वरवर राहणारी.

बाजारात मुख्यतः दोन मिळतात. एक आयसेनिया फेटिडा, लालसर आणि अंगावर फिकट पट्टे असलेलं. थंडी-ऊन दोन्ही त्यातल्या त्यात सोसणारं. दुसरं युड्रिलस युजेनी, मूळचं आफ्रिकेचं, लांब आणि जाडसर. ते खातं भरपूर, पण थंडीत मंदावतं. आदिलाबाद जिल्ह्यात अर्ली (टी) सारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या आसपास येतो, तेव्हा या दुसऱ्या जातीला पोत्यांची ऊब द्यावी लागते. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही आपल्या भागातच सापडणारी जातही खत करते. घरच्या पेटीसाठी नवख्यानं आयसेनियापासून सुरुवात केलेली बरी. आदिलाबादच्या कृषी विज्ञान केंद्रात, किंवा जिथं आधीच खत होतं अशा पंचायतीच्या शेडवर चौकशी करावी. पलीकडच्या वाचकांनी आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं.

इथं एक वाद सांगायला हवा, कारण विदर्भात तो घरोघरी ऐकू येतो. नैसर्गिक शेतीचे प्रचारक, अमरावतीचे पद्मश्री सुभाष पाळेकर यांचा गांडूळ खतालाच विरोध आहे. आयसेनिया हे परदेशी, ते आपल्या जमिनीत बीळ करत नाही, शेतात देशी गांडूळच वाढवावं, असं ते मांडतात. शेतापुरतं यातलं एक म्हणणं बरोबर आहे. पेटीतलं गांडूळ शेतात सोडून जमीन भुसभुशीत होत नाही. जमिनीतलं गांडूळ वाढवायचं तर जमीन झाकलेली ठेवणं, पालापाचोळा न जाळणं हाच मार्ग. घरची पेटी मात्र वेगळ्या कामाची आहे. तिथं जमीन नांगरायची नसून भाजीची सालं जिरवायची असतात आणि ते काम वरच्या थरातलं गांडूळच करतं.

पेटी केवढी, कशाची

पेटी खोल नको, पसरट हवी. रोज अर्धा-पाऊण किलो कचऱ्यासाठी तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि सव्वा ते दीड फूट खोल जागा पुरते. त्याहून खोल केली तर खालच्या थराला हवा मिळत नाही आणि वास सुटतो. अंगण असेल तर विटांचं छोटं टाकं करावं. आतून बाहेरून गिलावा करू नये. अंगण नसेल तर रुंद तोंडाचे दोन-तीन मातीचे रांजण किंवा आडवा कापलेला ड्रम चालतो. ड्रम घेताना तो औषध फवारणीच्या रसायनाचा नाही याची खात्री करावी. खाली पाच-सहा भोकं पाडून पेटी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जातं.

आपल्याकडे नुसता खड्डा खणून खत करण्याची सवय आहे, उकिरडा म्हणजे तेच. पण काळ्या मातीतला खड्डा गांडुळांना सोयीचा नाही. पावसाळ्यात ही माती फुगून पाणी धरून ठेवते आणि खड्ड्याचं डबकं होतं. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यातून ओल निघून जाते आणि मुंग्या आत येतात.

ज्यांच्याकडे शेत आणि गोठा आहे त्यांना नाडेप टाकं माहीत असेलच. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली आणि त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. जाळीदार विटांचं, सुमारे दहा फूट लांब आणि तीन फूट उंच टाकं, त्यात काडीकचरा, शेण आणि मातीचे थर, आणि तीन-चार महिन्यांनी खत. त्यात गांडूळ सोडावं लागत नाही. कुटार, तुराट्या, गवत असा ढीगभर माल असेल तर नाडेप बरं. स्वयंपाकघराचा रोजचा मूठ-दोन मूठ कचरा असेल तर गांडूळ पेटी बरी.

पेटी भरायची कशी

पहिला थर नारळाच्या शेंड्या किंवा बारीक तोडलेल्या तुराट्यांचा, दोन-तीन इंच. त्यावर वाळलेली पानं, कुटार, फाडलेलं वर्तमानपत्र, सहा इंच. त्यावर जुनं शेण.

'जुनं' हा शब्द महत्त्वाचा. ताजं शेण पेटीत घातलं की ते कुजताना इतकं तापतं की आत हात घालवत नाही. गांडुळं सोडल्यावर दुसऱ्या दिवशी मेलेली सापडतात त्याचं पहिलं कारण हे. शेण सावलीत दहा-पंधरा दिवस पसरून, रोज पाणी मारून निववून घ्यावं. दुसरी गोष्ट, जनावराला जंताचं औषध दिलं असेल तर पुढचे दोन-तीन आठवडे त्याचं शेण पेटीसाठी घेऊ नये. पोटातल्या जंतांना मारणारी काही औषधं शेणातून उतरतात आणि गांडुळांनाही मारतात.

सगळं ओलं करून दोन-चार दिवस थांबावं. मूठभर माल घट्ट पिळला की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त, हात कोरडाच राहिला तर कमी. मग आत हात घालून गरम लागत नाही ना ते पाहावं आणि सायंकाळी गांडुळं वर सोडावीत. ती आपोआप खाली जातात. नवीन जागी पहिल्या एक-दोन रात्री काही बाहेर पडायला बघतात. जवळ दिवा चालू ठेवला तर आतच राहतात.

किती गांडुळं? एक किलो गांडुळं, म्हणजे हजाराच्या वर, चांगल्या दिवसांत रोज जास्तीत जास्त अर्धा किलो कचरा खातात. नवख्यानं अर्धा किलोवर सुरुवात करून पहिला महिना निम्माच कचरा द्यावा. संख्या त्यांची ती वाढवतात.

काय टाकावं, काय नको

टाकावं : भाजीची देठं, सालं, सडकी फळं, चहाचा चोथा (साखरेचा असेल तर धुऊन, नाही तर मुंग्या येतात), अंड्याच्या टरफलांचा चुरा, वाळलेली पानं, पळसाची पानं, रंग नसलेला कागद. सगळं बारीक चिरून. गणपती, दुर्गा आणि बतुकम्माच्या दिवसांत घराघरांत फुलांचा ढीग होतो. दोरा, सुया, प्लास्टिक, गुलाल काढून हे निर्माल्य पेटीत चांगलं जिरतं, पण एकदम नको, चार-सहा दिवसांत थोडं थोडं.

बेतानं : लिंबू-संत्र्याची सालं, कांदा, लसूण, कडुनिंबाचा पाला, सागाची पानं. पहिल्या तिघांनी पेटी आंबट-उग्र होते, कडुनिंबापासून गांडुळं दूर पळतात आणि सागाचं पान कुजायला फार वेळ घेतं.

अजिबात नको : मटण-मासळीचे तुकडे, हाडं, तेलकट-तिखट भाजी, लोणचं, दूध-दही, कुत्र्या-मांजराची विष्ठा. मीठ गांडुळाची कातडी सुकवतं. उरलेल्या भाजीत मीठ असतंच, म्हणून उष्टं अन्न पेटीत टाकू नये. भाताचा थोडा धुतलेला अंश चालतो.

कापसाच्या गावांसाठी आणखी दोन सूचना. तणनाशक मारलेलं गवत किंवा नुकतीच फवारणी झालेला पाला पेटीत आणू नये. पऱ्हाट्याही नकोत. त्या लाकडासारख्या कठीण असतात आणि घरात साठवल्या तर बोंडात राहिलेली गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत सांभाळली जाते.

रोजचा कचरा थेट पेटीत न टाकता झाकणाच्या भोकं पाडलेल्या डब्यात मूठभर सुक्या पानांसह चार-पाच दिवस ठेवावा. तो नरम पडला की पेटीच्या एका कोपऱ्यात उकरून पुरावा आणि वर सुक्या पानांची चादर टाकावी. पुढच्या वेळी दुसरा कोपरा. एवढी शिस्त पाळली तर चिलटं आणि वास, दोन्हींचा त्रास जवळपास संपतो.

एप्रिल ते जून : खरी परीक्षा

आयसेनियाला पंधरा ते अठ्ठावीस अंश मानवतात. पस्तीसच्या पुढे ती मरू लागते. बाहेर पंचेचाळीस असताना आत तीसच्या खाली कसं ठेवायचं, हा प्रश्न आहे. उत्तर प्रत्येक घरात आहे : कूलर आणि माठ.

ओल्या वस्तूवरून कोरडी हवा वाहिली की पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते, म्हणूनच इथं कूलर चालतो. पेटीलाही हेच लागू. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं भाजीपाला ताजा ठेवायला शून्य ऊर्जा शीतकक्ष काढला. त्यात विटांच्या दुहेरी भिंतीत वाळू भरून ती ओली ठेवतात. कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरतं. गांडुळाच्या टाक्याला बाहेरून एक विटेची भिंत चार बोटं अंतर सोडून घातली आणि मधली वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवली की काम झालं. रांजण असेल तर तो ओल्या वाळूच्या घमेल्यात बसवून भोवती भिजवलेलं बारदान गुंडाळावं. प्लास्टिकचा ड्रम असेल तर त्याच्या अंगातून पाणी झिरपत नाही, म्हणून बारदान दिवसातून तीन-चार वेळा भिजवावं लागतं.

जागा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला, झाडाच्या सावलीत. टिनाच्या पत्र्याखाली किंवा स्लॅबवर कधीच नको. पत्रा सावली देतो पण भट्टीसारखा तापतो. झाकण घट्ट नको, हवा खेळायला हवी. वर ओलं गोणपाट पुरेसं.

या तीन महिन्यांत खाणं निम्म्याहून कमी करावं. हौसेनं टाकलेलं कलिंगडाचं साल कुजताना स्वतःची उष्णता देतं आणि आतलं तापमान आणखी वाढतं. उरलेला ओला कचरा सुक्या पानांबरोबर वेगळ्या डब्यात कुजत ठेवावा, पाऊस पडल्यावर उपयोगी येतो. पाणी एकदम ओतू नये, सकाळी आणि संध्याकाळी शिंपडावं.

थर्मामीटर नसेल तर तळहात चालतो. दुपारी तीनच्या सुमारास आत हात घालावा. गार लागलं तर ठीक. कोमट लागलं तर आतलं तापमान तळहाताच्या कातडीएवढं, म्हणजे तेहतीस-चौतीसच्या आसपास पोचलं आहे आणि धोका सुरू झाला आहे. लगेच बारदान भिजवावं, माल हलक्या हातानं उकरून हवा द्यावी. आठ दिवसांसाठी गावाला जाणार असाल तर पेटी शेजाऱ्याच्या भरवशावर सोडण्याआधी त्याला हा तळहाताचा उपाय दाखवून जावं. मेलेल्या पेट्यांपैकी बऱ्याच लग्नसराईत घर बंद असताना मरतात.

पावसाळ्यात हिशेब उलटा होतो. हवा दमट असते, बारदान भिजवून उपयोग नसतो आणि गरजही नसते. तेव्हा छप्पर हवं, खालची भोकं मोकळी हवीत आणि प्रत्येक ओल्या टाकण्याबरोबर दुप्पट सुकी पानं हवीत. म्हणून फाल्गुन-चैत्रातली पानगळ पोत्यात भरून ठेवावी. ती जाळणाऱ्यानं पावसाळ्याची पेटीची सोय जाळली असं समजावं.

बिघाड ओळखावा कसा

वास येतो : पाणी किंवा कचरा जास्त झाला. चार दिवस खाणं बंद, सुकी पानं मिसळून उकरावं.

मुंग्या येतात : पेटी कोरडी पडली किंवा गोड काही पडलं. ओल वाढवावी, विटांखाली पाण्याच्या बशा ठेवाव्यात.

गांडुळं भिंतीवर चढतात : आत गरम, आंबट किंवा चिखल झाला आहे. हात घालून कारण शोधावं.

कोंबड्या, उंदीर उकरतात : वर बारीक तारेची जाळी. गावात कोंबडीइतका गांडुळाचा दुसरा वैरी नाही.

बारीक पांढरे कृमी दिसतात : घाबरू नये, तेही कुजवण्याचंच काम करतात. फार वाढले तर पेटी आंबट झाली समजून अंड्याच्या टरफलांचा चुरा घालावा.

खत काढणं

अडीच-तीन महिन्यांत वरचा थर काळा, दाणेदार आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास देणारा झाला की चार-पाच दिवस पाणी थांबवावं. मग सावलीत पण उजेडात एका कापडावर शंकूसारखा ढीग करावा. उजेड टाळायला गांडुळं तळाशी जातात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी वरचं खत काढत जावं, शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो. तो नव्या पेटीत. खत चाळून सावलीतच ठेवावं, उन्हात वाळवलं तर त्यातले जिवाणू मरतात. खालून गळणारं पाणी दहापट पाण्यात मिसळून कुंड्यांना द्यावं, पण कोथिंबीर-मेथीसारख्या पानांवर मारू नये. पेटी हाताळल्यावर साबणानं हात धुवावेत. या खतात उष्णता तयार होत नसल्यामुळे टोमॅटो-भोपळ्याच्या बिया त्यात जिवंत राहतात. कुंडीत भलतंच रोप उगवलं तर दोष खताचा नाही.

नफा-तोट्याचा हिशेब

गांडूळ खताबद्दल बोलताना आकडे फुगवण्याची सवय आहे, म्हणून साधी बेरीज करून पाहू. वर्षाला दोनशे किलो ओला कचरा. त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच. सुकी पानं मिसळून हाती येणारं खत धरा पन्नास किलो. सरकारी मानकानुसार गांडूळ खतात नत्र किमान १ टक्का हवं. म्हणजे वर्षभरात नत्र मिळालं अर्धा किलो. युरियात नत्र ४६ टक्के. ४५ किलोच्या एका पोत्यात ते वीस किलोहून थोडं जास्त भरतं. म्हणजे घरच्या पेटीचं वर्षाचं नत्र सुमारे एक किलो युरियाएवढं. एका पोत्याची बरोबरी करायला दोन टन गांडूळ खत लागेल.

तेव्हा या पेटीवर कापसाचं शेत पिकणार नाही. तसं कोणी सांगून महागडा संच विकत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा. पन्नास किलो खत वीस-पंचवीस कुंड्यांना किंवा परसातल्या वांगी-मिरची-कढीपत्त्याला वर्षभर पुरतं आणि उरतं. त्यातला खरा फायदा नत्राचा कमी, माती भुसभुशीत राहण्याचा आणि पाणी धरून ठेवण्याचा जास्त. उन्हाळ्यात कुंडीला एक वेळचं पाणी कमी लागलं तरी इथं ते मोठंच.

दुसऱ्या बाजूला, त्या घरातून दोनशे किलो ओला कचरा डेपोवर गेला नाही. शंभर घरांच्या गल्लीचे वीस टन झाले. या वाहतुकीचा खर्च शेवटी मालमत्ता करातूनच निघतो. पुणे महापालिका गांडूळ खत प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना करात पाच टक्के सूट देते, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवण्याची जोड असेल तर दहा टक्के. अशी सूट इथल्या नगरपालिकांनीही द्यावी, अशी मागणी वॉर्डातून पुढे आली तर ती बिनबुडाची म्हणता येणार नाही.

सुरुवात करायची तर पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरात करावी. गांडुळांना रुळायला आणि वाढायला चार-पाच महिने मिळतात आणि एप्रिल येईपर्यंत घरच्यांच्या हातालाही ओलीचा अंदाज आलेला असतो. उन्हाळ्यात कोणी गांडुळं विकायला आलं तर घेण्याची घाई करू नये. तोवर डब्याला भोकं पाडून सुक्या-ओल्याची सवय लावावी आणि पानगळीची दोन पोती भरून ठेवावीत. निम्मी तयारी तेवढ्यातच होते.